फक्त जिना चढायचा राहिलाय

नव्या घराची चावी मंगळवारी मिळेल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते वाचून टेलरमास्तर खो खो हसले. अजून दोन महिने धरून चाल, असं त्यांनी बायकोला बजावलं.

तीस वर्षं कपडे शिवणाऱ्या माणसाला मंगळवार म्हणजे काय हे कोणी शिकवायचं? मास्तरांनी आजवर गिऱ्हाइकांना जेवढे मंगळवार दिले, तेवढे कॅलेंडरातही नसतील. कापडाला अजून कात्री लागायची असली तरी "फक्त काजं-बटणं राहिलीत" हे त्यांच्या तोंडून आपोआप सुटायचं. याला ते खोटं मानतच नसत. ती धंद्याची रीत. आता जी रीत शर्टाची तीच घराची असणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

घर मात्र झकास होतं हो. इथे ज्या पैशात न्हाणीघरही आलं नसतं, त्यात नदीपलीकडे, दुसऱ्या प्रांतात, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर उन्हाचा सज्जा. एकोणीस वर्षं दुकानामागच्या एका खोलीत, चिंध्यांच्या ढिगाला पाय लावून झोपलेल्या मास्तरीणबाई सोडतीत नंबर लागल्यापासून जमिनीवर नव्हत्याच. पडदे शिवून तयार होते. घरातलं तेवढंच शिवणकाम वेळेवर झालं होतं, कारण ते त्यांनी स्वतः केलं होतं.

पत्रात खाली आणखी एक ओळ होती. नवरा-बायको दोघांनी मूळ पत्र घेऊन पाचच्या आत हजर व्हावं, नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मास्तरांनी ती वाचली की नाही, देव जाणे. त्यांचं सगळं लक्ष कागदावर होतं. असा जाड, करकरीत कागद बाजारात शोधूनही मिळत नाही.

मंगळवारी दुपारी बाराला फोन आला. पलीकडच्या कचेरीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, चावी तयार आहे, पाचपर्यंत या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सांगितलेल्या दिवशी सांगितलेलं काम करणारी माणसं या जगात असतात, हा धक्का त्यांना या वयात सोसवेना.

"अहो, पत्र कुठंय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी मान खाली घातली. पत्राची कॉलर झाली होती.

म्हणजे तो जाड कागद कापून मास्तरांनी कॉलर बेतायचा फर्मा केला होता. पत्राचा वरचा अर्धा तुकडा कात्रीखाली सापडला. खालचा, सहीशिक्क्याचा, कुणाच्या तरी कापडाला टाचून गाठोड्यात गेला होता, आणि गाठोडी होती चाळीस. दोघं जमिनीवर बसून एकेक सोडू लागले. त्यात वार मंगळवार, त्यामुळे दर पाच मिनिटांनी दारात गिऱ्हाईक. आपलं कापड जमिनीवर उघडं पडलेलं बघून जो तो खूश होई, की चला, एकदाचं काम हाती घेतलं. तुकडा सापडला अडतिसाव्या गाठोड्यात, तेव्हा तीन वाजून गेले होते.

बसमध्ये मास्तरीणबाईंनी सुईदोरा काढला आणि पत्राला कच्चा टाका घातला. या प्रांताची बस पुलाच्या तोंडाशी थांबते. पूल पायी ओलांडायचा आणि पलीकडे त्यांची बस धरायची. पुलाच्या मध्यावर पाचला पाच मिनिटं कमी होती आणि अजून तासाभराची वाट बाकी होती. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातोंडाशी आलेलं घर, आणि तेही एका कॉलरपायी.

ते पाणी बघून मास्तरांनी कचेरीत फोन लावला. जीभ आपोआप चालली.

"बाई, आलोच. गेटात आहोत, फक्त जिना चढायचा राहिलाय."

"इथे जिना कुठे दिसतोय तुम्हाला?" मास्तरीणबाई म्हणाल्या. खाली नदी होती.

पलीकडे दोन बस भरून गेल्या, तेव्हा कुठे तिसरीत जागा मिळाली. कचेरीत पोचले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दिवा एकाच टेबलावर चालू होता, आणि त्या टेबलावर, आश्चर्य म्हणजे, चावी होती. मास्तरांनी टेबलामागच्या बाईंसमोर ते शिवलेलं पत्र ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूनं हात जोडले. मी खोटं बोललो, म्हणाले, तेव्हा आम्ही पुलावर होतो. हिला तरी घर द्या, मी बाहेर राहीन.

बाईंनी पत्र उलटं करून टाके निरखले. मग सह्या कुठे करायच्या ते बोट ठेवून दाखवलं.

"माझे वडील टेलर होते," त्या म्हणाल्या. "फक्त जिना राहिलाय म्हणजे दीड तास, हे मला लहानपणापासून माहितेय. पुढच्या माणसाला मी साडेसहाला यायला सांगितलं होतं."

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही तर दहा मिनिटं लवकर आलात," बाई म्हणाल्या.

हे वाक्य मास्तरांना तीस वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांना तिथेच रडू फुटलं, आणि मास्तरीणबाई इतक्या हसू लागल्या की त्यांची सही ओळीबाहेर गेली.