माझ्या सायकलीचे प्रलंबित प्रकरण

प्रथम तिथी नमूद करतो. इंग्रजी तारखा माझ्या प्रतिपक्षाला मान्य नाहीत.

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळी साडेआठ. माझ्या सायकलीला नवी चेन बसवून दिलेली असताना सानपाड्याच्या पुलाच्या चढावर ती तीनदा सटकली. माझा उजवा गुडघा हँडलवर आपटला. जबाबदार : जोमाशेठ.

कोजागिरीची सकाळ. मागच्या चाकाची दातेरी चकती, जिला हे लोक 'फ्री' म्हणतात, तीही नवी बसवण्यात आली. चेन त्याच चढावर दोनदा सटकली. जबाबदार : जोमाशेठ.

धनत्रयोदशी. मागचे चाक अर्धे बोट मागे ओढून चेन ताणून दिली. एकदाच सटकली, परंतु डंपरच्या समोर. जबाबदार : जोमाशेठ, आणि अंशतः डंपरचालक.

तुळशीच्या लग्नाचा दिवस. चेनची एक कडी आखडली आहे असे निदान करून तिला तेल पाजण्यात आले. चेन एकदा सटकली, मात्र हळुवारपणे. जबाबदार : जोमाशेठ. मी उभा राहून पायडल मारतो म्हणून असे घडते, हा त्याचा प्रतिवाद मी लेखी फेटाळला आहे.

ज्या इसमाविरुद्ध एवढी नोंद जमली, त्याची ओळख करून देणे माझे कर्तव्य आहे. एकतर्फी निकाल देणे माझ्या स्वभावात नाही.

जोमाशेठ मूळ सानपाडा गावचा. वय सत्तरीच्या पुढे. नेमके किती, हे त्याला 'मोठा पूर आला त्या साली' यापलीकडे सांगता येत नाही. शेती शहरात गेली, बदल्यात भूखंड आला, भूखंडावर मुलाने चार मजली इमारत उभी केली. इमारतीला तळाशी तीन शटरे आहेत. एकात औषधांचे दुकान, दुसऱ्यात केशकर्तनालय. आणि तिसऱ्यात खुद्द इमारतीचा मालक अर्ध्या चड्डीत व गंजीफ्रॉकात उकिडवा बसून लोकांच्या सायकली दुरुस्त करतो. त्याच्या गळ्यात सोन्याची चेन असते आणि हातात सायकलीची. काळजी त्याला दुसरीची अधिक.

मला तो 'वकीलसायब' म्हणतो. मी वकील नाही. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत तीस वर्षे नोटिसांचे मसुदे करून निवृत्त झालो, हे मी त्याला दोनदा लेखी कळवले. दोन्ही पत्रे त्याने घडी करून ट्यूब तपासण्याच्या पाण्याच्या घमेल्याखाली, डगडगू नये म्हणून लावली.

सायकलीला तो 'बाय' म्हणतो, म्हणजे घरच्या लेकीला म्हणावे तसे. सायकल उलटी करून तो स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चाकाच्या मध्यावरच्या तुंब्यावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि चाक हळू फिरवतो. त्याआधी मालकाला दूर व्हायला सांगतो. मालकासमोर ती बोलत नाही, असे त्याचे ठाम मत. मी एकदा हरकत घेतली की मालकाच्या गैरहजेरीत नोंदवलेला जबाब ग्राह्य धरता येणार नाही. तो शांतपणे म्हणाला, “तुमी लांब ऱ्हावा. तुमचा राग तिला ऐकू येतं.”

दुरुस्ती पुरी झाली की तो खांद्यावरच्या फडक्याने सीट पुसतो, सीटवर थाप मारतो आणि म्हणतो, “जा बाय, सुखी ऱ्हा.” हे वाक्य उच्चारल्याशिवाय काम पुरे झाले असे तो मानत नाही, आणि गिऱ्हाइकानेही मानू नये अशी त्याची अपेक्षा असते.

हा त्याचा आजचा प्रकार नव्हे. आम्ही येथे राहायला आलो तेव्हा सानपाड्यात इमारती एकमेकींपासून रुसल्यासारख्या दूर दूर उभ्या होत्या. मध्ये खाजणाची दलदल, पलीकडे खाडी, आणि रस्ते इतके रिकामे की कुत्रीसुद्धा मधोमध झोपत. मी याच सायकलीवर, हँडलला डबा लावून, बेलापूरला जात असे. गावाच्या कडेला भेंडीच्या (भाजीच्या नव्हे) डेरेदार झाडाखाली एक पंप, एक पत्र्याची पेटी आणि जोमाशेठ, एवढे त्याचे आस्थापन होते. तो तासाच्या बोलीवर मुलांना छोट्या सायकली देत असे. नाव-पत्ता काही लिहून घेत नसे. मुलाने डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची, सायकल घेऊन जायचे, आणि परत आल्यावर चप्पल घ्यायची. रविवारी त्या झाडाखाली वीस-पंचवीस डाव्या चपला ओळीने मांडलेल्या दिसत आणि साऱ्या वसाहतीतली मुले एका पायात चप्पल घालून सायकली पळवत. ही व्यवस्था कोणत्याही कायद्यात बसत नव्हती. परंतु एकही सायकल कधी हरवली नाही, हे मला मान्य करावे लागते.

माझी कन्या तेथेच सायकल शिकली. ती नेहमी उशिरा परतत असे, आणि मी नेहमी जाब विचारायला जात असे. अशाच एका दुपारी मी पाहिले की ऊन सरकले तसा जोमाशेठ उठला आणि ओळीतली प्रत्येक चप्पल उचलून त्याने सावलीत सरकवली. परत आलेल्या पोराचा पाय भाजेल, एवढेच तो म्हणाला. त्या दिवशीचा जाब मी विचारला नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. यंदा माझ्या सायकलीची चेन झिजून लांबली, म्हणून खंडेनवमीला मी ती त्याच्याकडे नेली. दुकानात पाने, पकडी, पंप सारे पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहिली होती. त्या दिवशी अवजाराला कोणी हात लावत नाही, हे ठाऊक असल्याने मी परत फिरलो. त्याने मला हाक मारून थांबवले. हात उद्या पूजा उठल्यावर लावू, पण सायकल आजच ठेवा, असा आग्रह धरला. इतका की स्वतः उठून त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पूजेतल्या अवजारांशेजारी उभी केली. तिच्या हँडललाही एक फूल खोवले. ज्या दिवशी काम करायचे नाही त्या दिवशी काम स्वीकारण्याची एवढी निकड का, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

त्यानंतर काय घडले ते वर नमूद आहे. प्रत्येक वेळी तो सायकल मला 'ट्रायलला' देई, प्रत्येक वेळी मी ती संतापाने परत नेई, आणि प्रत्येक वेळी तो मला स्टुलावर बसवून चहा मागवी. चहा पिता पिता आमची भांडणे होत. त्याचे शास्त्र असे : चेन, मागची फ्री आणि पायडलजवळचे दातेरी चाक, ज्याला तो 'चेनव्हील' म्हणतो, ही तिघे एकत्र झिजतात. “झिजता झिजता तिघांचा जमला. त्यात एकाला नवा आनला का बाकीचे त्याला घरान घेत नाय.” मग तिघेही नवे का आणत नाही, असे मी विचारले. या जुन्या मापाचे चेनव्हील आता मिळत नाही, शोध चालू आहे, असे उत्तर मिळाले. त्यापुढे त्याचे ठरलेले पालुपद : “टाईम लागल.”

मी स्वस्थ बसणारा मनुष्य नाही. चष्मा लावून मी ते चेनव्हील स्वतः तपासले. त्याचे दात एका बाजूला वाघनखांसारखे वाकलेले मला, ज्याला यंत्रशास्त्राचा गंध नाही, दोन मिनिटांत दिसले. मग पन्नास वर्षे सायकली पाहणाऱ्यास ते दोन महिने दिसू नयेत? मी दोन पानी, सात परिच्छेदांची नोटीस तयार केली आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी अकरा वाजता ती बजावण्यास गेलो.

जोमाशेठ डोळे तपासायला गेला होता. दुकानात त्याची सून पूजेसाठी लक्ष्मीची तसबीर पुसत होती. मी तिला सांगितले की मला चेनव्हील हवे आहे, अन्यथा लेखी कारण हवे आहे. ती हसली. तसबिरीमागे हात घालून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी वस्तू काढली आणि माझ्या हातात ठेवली. आत माझ्या सायकलीच्या मापाचे कोरे चेनव्हील होते, गंजू नये म्हणून तेल लावलेले. वर्तमानपत्रावरची तारीख मी वाचली. गणपतीच्या आधीची, म्हणजे माझी सायकल दुकानात येण्याच्याही आधीची होती.

मी संतापाने काही बोलणार, तोच तिने सारे सांगितले. गणपतीत घरात वाद झाला होता. तिच्या नवऱ्याला, म्हणजे नितीनला, तिसरे शटर मोबाइलच्या दुकानाला द्यायचे आहे. वडिलांचे गुडघे गेले, बोटे आखडली, आणि इमारतीच्या मालकाने रस्त्यावर ग्रीस फासून बसावे हे त्याला बघवत नाही. शेवटी म्हाताऱ्याने गावदेवीसमोर शब्द दिला : दसऱ्यापासून नवे काम घेणार नाही, हातात असलेले पुरे करीन आणि शटर खाली ओढीन. नवमीपर्यंत झाडून साऱ्या सायकली मार्गी लागल्या होत्या. मग मी आलो.

“काका, तुमची सायकल हाय म्हनून बाबा सकाळी उठून दाढी करतान,” ती म्हणाली. “नायतर आई गेल्यापासून ते घरान बोलतच नाय कोनाशी.”

तेवढ्यात जोमाशेठ आला. माझ्या हातातले चेनव्हील त्याने पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि माझ्यासमोर स्टूल सरकवून स्वतः जमिनीवर बसला. मी विचारले, हे त्याला केव्हापासून ठाऊक होते?

“पयल्या दिशीच. दाताला नख लावला तवाच कलला.”

मग माझ्या गुडघ्याचे काय, असे मी विचारले. त्यावर त्याने मान खाली घातली. गुडघ्याचे त्याला फार वाईट वाटले होते. म्हणूनच त्याने फ्री बदलली, चाक ओढले, कडी मोकळी केली. दर वेळी थोडी कमी सटकेल, पण सटकेल, अशा बेताने. तीनदा, दोनदा, एकदा, आणि मग हळुवारपणे. माझ्या नोंदी त्याच्या कबुलीजबाबाशी तंतोतंत जुळत होत्या. तीस वर्षांत इतका प्रामाणिक आरोपी माझ्यासमोर आला नव्हता.

“घरान समदा हाय, सायब,” तो म्हणाला. “लिफ्ट हाय, टीवी हाय, सून दोन टायमाला ताजा म्हावरा करतं. पन घरान कोन पंक्चर होऊन येत नाय.”

थोड्या वेळाने त्याने पाना उचलला. “लावू काय? अर्धा तास लागल.”

अर्धा तास. त्यानंतर तो सीट पुसणार, थाप मारणार आणि दिलेला शब्द पाळणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी त्याला थांबवले. नोटीस सदोष असून तिसऱ्या परिच्छेदात दुरुस्ती करणे भाग आहे, आणि नोटीस निकाली निघेपर्यंत वादग्रस्त वस्तूस हात लावता येणार नाही, असे सांगून मी ते चेनव्हील पुन्हा कागदात गुंडाळले आणि तसबिरीमागे ठेवून दिले. त्याने पाना खाली ठेवला आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी नवी तक्रार दाखल केली. घंटी सैल आहे, स्टँड लंगडतो, मागचा मडगार्ड कुरकुरतो. मी आयुष्यात खोटी ओळ लिहिलेली नाही. म्हणून आधी घंटीचा स्क्रू कपाटाच्या किल्लीने स्वतः सैल केला, मगच तक्रार लिहिली. स्टँडलाही मीच लंगडे केले. मडगार्ड मात्र खरोखरच कुरकुरत होता. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. जोमाशेठने तक्रार सुनेकडून वाचून घेतली, प्रत्येक मुद्द्यावर मान डोलावली आणि गंभीरपणे सांगितले की काम मोठे आहे.

गेल्या आठवड्यात नितीनचा फोन आला. मुलगा वाईट नाही. बोलला नम्रपणे. “काका, एकदाचं बोलून टाका ना, सायकल झाली म्हणून. तुमी बोलल्याशिवाय बाबा हलनार नाय. मोबाइलवाली पार्टी थांबलीय, मला पन टेन्शन हाय.” अशा बाबतीत मी तोंडी उत्तर देत नाही. हे माझे लेखी उत्तर समजावे.

नितीनशेठ, इमारत तुमची, शटर तुमचे, आणि वडिलांची काळजीही तुम्हालाच. वडिलांनी शब्द दिला आहे आणि तो ते मोडणार नाहीत. कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. मी तो तीस वर्षे वाचला, मला त्यात पळवाट सापडलेली नाही. म्हणून कायद्याबाहेरचा एकच प्रश्न विचारतो. शटर खाली आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, दाढी करून, तुमचे वडील कुठे जातील? याचे उत्तर मला फोनवर नको. ज्या गावदेवीसमोर त्यांच्याकडून शब्द घेतलात, तिथेच, गावातल्या चार माणसांच्या देखत, वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते द्यावे.