जिन्याविरुद्ध तात्या

शेजारच्या दिनकरतात्यांनी स्वतःच्याच घराविरुद्ध नगरपालिकेत तक्रार केल्याचं ऐकलं आणि चहा माझ्या नाकात गेला. लोक शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करतात, सख्ख्या भावाविरुद्ध तर हौसेनं करतात. पण स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या जिन्याविरुद्ध?

"मास्तर, बाजूला मार्जिनच ऱ्हायलं न्हाई. कायदा म्हंजी कायदा!" तात्या ताठ मानेनं म्हणाले.

तात्या सैन्यात पूल बांधायचे. निवृत्त होऊन आष्ट्याच्या अलीकडच्या आमच्या या छोट्या नगरपालिकेच्या गावात आले आणि घराघरांमधल्या मोकळ्या जागेचे, म्हणजे मार्जिनचे, बिनपगारी राखणदार झाले. कुणाची वास्तुशांत असली की देवाला हात जोडायच्या आधी भिंत आणि कुंपण यांच्यामधून पावलं टाकत फिरून येणार. पंगतीत वाढप्याला अडवून "दोन वळीत मार्जिन किती सोडलंया?" विचारणार. एकदा मयताला गेलो असताना तिरडी जिन्याच्या वळणावर अडकली, तर हे रडणाऱ्या मुलाला म्हणाले, "तवाच सांगितलं हुतं, जिना अरुंद हाय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तर तक्रार. बायको वारल्यावर तात्यांनी घर मुलाच्या, संदीपच्या नावावर करून दिलं होतं. त्यामुळं नोटीस गेली त्याच्याकडं, पुण्याला. संदीप लालबुंद होऊन सुनावणीला आला. "काका, मला माझ्या बापानंच आरोपी केलंय हो!" माझ्या ओट्यावर बसून तो ओरडत होता. पलीकडं आपल्या घरात तात्या शांतपणे त्याच्यासाठी भाकरी थापत होते. दुपारी जेवून तो निघून गेला. पुढच्या वेळी तात्यांनी नवाच मुद्दा काढला आणि पुन्हा तारीख पडली. असं बरेच महिने चाललं. माझं डोकं चालेना. हा माणूस सनकी आहे की वैरी?

शेवटच्या सुनावणीला मीही गेलो होतो. नगरपालिकेचे साहेब हसून म्हणाले, "तात्या, आपल्या गावाची जुनी नियमावली गेली. आता राज्याची एकच आलीय, तिच्यात दाट वस्तीला सूट आहे. तुमचा जिना बसतो नियमात. तक्रार निकाली!"

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आसं कसं? गावच्या नियमाला काय किंमत हाय का न्हाई?"

"राज्याच्या नियमापुढं नाही, तात्या."

"सुटलो बाबा एकदाचा," संदीप म्हणाला आणि न जेवताच गाडीत बसला. तात्या बराच वेळ फाटकात उभे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ठोकाठोक ऐकू आली. बघतो तर काय! तात्यांचा गवंडी पहिल्या मजल्याचा सज्जा थेट रस्त्यावर काढत होता आणि आयुष्यभर मार्जिन मार्जिन करणारे तात्या खालून "आजून म्होरं घे, आजून!" म्हणून ओरडत होते. मी चपला न घालताच धावलो.

"अहो तात्या, हा राज्याच्या नियमातसुद्धा बसायचा नाही!"

"बसायलाच नगं," तात्या म्हणाले. त्यांना माझ्याकडं बघवेना. "पोराला दिवाळीला बोलावलं तर मीटिंग आसती. आजारी हाय म्हटलं तर गोळ्या धाडून देतंय. पर सुनावणीला घरमालकाला यावंच लागतंय, मास्तर."

मी सुन्न झालो. इतके महिने मी या माणसाला हसत होतो.

"या बारीला तक्रार तुमी करा. मला लय दाद देत न्हाईत आता," ते म्हणाले. मग हळूच, "आन तारीख शुक्रवारची मागा. म्हंजी शनवार-रव्वार ऱ्हाईल त्यो."