केक उलटा करू नये

मंगळवारी सकाळी नेव्ह खाटकाने "सुप्रभात, पेनरोझसाहेब" म्हटलं आणि क्लेम पेनरोझ दारातच थबकला.

"काय म्हणालास?"

"सुप्रभात म्हटलं. आपल्याला काय देऊ?"

क्लेमने मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरा कोणी पेनरोझ नव्हता.

वॉलबार्डीत असं बोलायची रीत नाही. गव्हाच्या कोठारांभोवती वसलेलं हे गाव. इथे माणूस आवडला की त्याला टोपणनाव ठेवायचं, फारच आवडला तर शिवी द्यायची, आणि नाव शक्यतो उलटं ठेवायचं. नेव्ह बैलाएवढा, म्हणून तो चिमणी. पोस्टातल्या माणसाच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणून तो कुरळ्या. क्लेमने कोठाराच्या कचेरीत उभी हयात घालवली, पण त्याचा आवाज कसा आहे हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. तो अर्थातच भोंगा. साहेब, आपण, कृपया हे शब्द गावाने तीन प्रकारच्या माणसांसाठी राखून ठेवले होते: बँकेचा वसुलीवाला, पोलीस, आणि मनातून कायमचा उतरलेला माणूस. क्लेम बँकेतही नव्हता आणि पोलिसातही.

"ग्लेनिस," घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "नेव्ह मला साहेब म्हणाला."

"बरं मग?" ग्लेनिसने मटार सोलताना मान वर केली नाही.

"कुरळ्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. दार!"

"लेखक झालास आता. मान देणारच लोक."

"या गावात?"

ग्लेनिसचे मटार जरा जास्तच वेगाने सोलले जाऊ लागले.

कारण काय असणार हे क्लेमला कळून चुकलं. त्याची पहिलीवहिली कादंबरी. कपडे धुण्याच्या खोलीत, यंत्राच्या घरघरीत वर्षानुवर्षं लिहिलेली. मेलबर्नच्या एका छोट्या प्रकाशनाने ती काढली होती आणि शनिवारी गावच्या सभागृहात तिचं प्रकाशन होतं. एक प्रत तेवढी त्यांनी आधीच गावच्या वाचनालयाला धाडली होती. त्या कादंबरीत एक मिसेस पोलॉक होती. ती बेकरीतून विकत आणलेला स्पंज केक घरगुती पदार्थांच्या वार्षिक प्रदर्शनात मांडून पहिलं बक्षीस घेते. मग परीक्षक केक उलटा करतो, आणि बुडाला दिसतात तारेच्या जाळीच्या रेघा! घरी केक करणारी बाई गरम केक जाळीवर ठेवण्याआधी खाली पंचा घालते, तसल्या रेघा उमटू देत नाही. वॉलबार्डीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आणि वॉलबार्डीच्या प्रदर्शनात स्पंज केकचं पहिलं बक्षीस दरवर्षी जायचं ते क्लेमच्या शेजारणीला, डल्सी मार्चबँकला.

क्लेमने सगळं मनाने रचलं होतं. पण हे कोणाला पटणार? मेलबर्नच्या लेखकांचं बरं असतं. ते शेजाऱ्यावर चारशे पानं लिहितात आणि शेजाऱ्याला पत्ता नसतो, कारण दोघांची ओळखच नसते. इथे स्वल्पविराम टाकला तरी तो कोणाच्या तरी पायात बोचतो.

बुधवारी तो डल्सीकडे गेला. एरवी ती कुंपणावरूनच ओरडायची, "काय रे भोंग्या, आहेस की मेलास?" आज तिने दार उघडलं आणि म्हणाली, "या, बसा. चहात साखर घेता ना आपण?" कान तुटलेला नेहमीचा मग बाजूला ठेवून तिने सोनेरी कडेचा कप काढला. या कपातून क्लेमने एकदाच चहा प्यायला होता, तिच्या नवऱ्याला पुरून आल्यावर.

"डल्सी, ती तू नाहीस," त्याच्या तोंडून निसटलं.

"कोण मी नाही?"

"ती केकवाली."

"कुठली केकवाली?"

बाई मोठी खोल आहे, क्लेमला वाटलं. मग त्याने सगळंच सांगून टाकलं. पोलॉकबाई, बेकरी, परीक्षक, रेघा. सांगता सांगता डल्सीचा कप हवेतच थांबला.

"हे सगळं त्या पुस्तकात आहे? वाचनालयाच्या?"

"म्हणजे तू वाचलं नाहीस?"

"माझ्या उशाशीच पडलंय, आल्या दिवसापासून. अजून उघडलं नव्हतं." तिने कप खाली ठेवला. "आता मात्र उघडते."

क्लेम बाहेर आला तो घामाघूम होऊन. आता निदान बाकी गावाचा तरी गैरसमज नको, म्हणून तो थेट पोस्टात गेला आणि कुरळ्याला त्याने नीट समजावलं की ती रेघांची भानगड डल्सीची मुळीच नाही. कुरळ्या म्हणाला, "सांगितलंत, फार उपकार झाले." संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला तसं समजलं.

डल्सी दोन दिवस अंगणात फिरकली नाही. दोरीवरचे तिचे कपडे दवात भिजले, उन्हात वाळले, पुन्हा भिजले. इतका राग क्लेमने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यातच गुरुवारी त्याने शेवटचा उपाय केला. आपण होऊन शिवी द्यायची. आरशासमोर त्याने सराव केला आणि नेव्हच्या दुकानात शिरून डोळे मिटून म्हणाला, "ए चरबीच्या गोळ्या, सॉसेज टाक की!"

नेव्हचा चेहरा वांग्यासारखा झाला. ओठ थरथरले. "लगेच देतो, साहेब," तो कसाबसा म्हणाला आणि शीतगृहात शिरला. आतून काहीतरी धाडधाड आपटल्याचे आवाज आले. सॉसेज न घेताच क्लेम घरी पळाला.

शनिवारी सभागृह खचाखच भरलं होतं. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते आणि कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. मेलबर्नहून आलेली संपादिका इंग्रिड भारावून गेली होती. "किती सुसंस्कृत वाचक आहेत तुमचे!" ती कुजबुजली. "दुसरी कादंबरी लगेच घेऊ या."

क्लेमचं लक्ष टेबलाकडे होतं. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने घरून काहीतरी आणलं होतं, आणि मधोमध काचेच्या उंच तबकात डल्सीचा स्पंज केक होता. शेजारी डल्सी उभी. डोळे लालभडक.

तो बोलायला उठला. "मित्रहो," तो पुटपुटला. "माझं चुकलं. मला लिहिता येत नाही, आणि माणसं दुखावतात. दुसरी कादंबरी नाही. मी पुन्हा लिहिणार नाही."

इंग्रिडच्या हातातली लेखणी गळून पडली.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची करकरली. नेव्ह उभा होता. "ग्लेनिस, बास झालं आता! जिभेला फोड आले माझ्या. परवा हा मला चरबीचा गोळा म्हणाला, आणि मी आत जाऊन अख्ख्या बोकडाला बुक्क्या घातल्या, पण उत्तर दिलं नाही!"

क्लेमने बायकोकडे पाहिलं. ग्लेनिस टोमॅटोसारखी लाल झाली होती.

"मीच सांगितलं होतं सगळ्यांना," ती म्हणाली. "म्हटलं, हा आधीच भित्रा. शनिवारपर्यंत कोणी टोचू नका, नाहीतर समारंभातून पळून जाईल. जरा मानाने बोला."

"आणि पुस्तक? कोणी वाचलं नाहीये?"

"वाचणार कसं, गाढवा?" कुरळ्या ओरडला. "एकच प्रत, ती डल्सीच्या उशाशी!"

आणि आठवडाभराचा बांध फुटला. भोंग्या, मूर्खा, शाईच्या डबक्या, वाळक्या काटक्या! चहूकडून शिव्या बरसू लागल्या. क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं. इंग्रिड दाराच्या दिशेने सरकू लागली.

"अरे, पण त्या रेघांचं काय?" कुरळ्याला आठवलं. "भोंग्या, तो केक उलटा करून दाखव!"

"उलटा कर! उलटा कर!" लोक पाय आपटू लागले. नेव्हने एक भलामोठा तुकडा कापून क्लेमच्या हातात कोंबला.

क्लेमने डल्सीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. हनुवटी वर, ओठ घट्ट, हात एप्रनच्या खिशात. हा चेहरा त्याने आजवर कधी पाहिला नव्हता, फक्त लिहिला होता.

त्याने अख्खा तुकडा तोंडात घातला. मलई नाकाला लागली. चावता चावता जिभेला केकच्या बुडावर काहीतरी लागलं. एक, दोन, तीन, सरळ, समांतर.

"गाढवांनो," तोंड भरलेलं असतानाच तो ओरडला, आणि भोंग्याचा आवाज वॉलबार्डीने प्रथमच ऐकला. "असला केक खायचा असतो, उलटा करायचा नसतो! आणि उरलेला माझ्या घरी जाणार. लेखकाचा मान आहे तो!" त्याने तबक उचलून स्वाक्षरीच्या टेबलाखाली दोन पायांमध्ये ठेवलं.

गाव पोट धरून हसलं आणि पुस्तकासाठी रांगेत उभं राहिलं. सर्वांत शेवटी डल्सी आली. वाचनालयाची प्रत तिने त्याच्यापुढे आपटली. कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चहाचा डाग.

"अधाशी बोकड," ती म्हणाली.

क्लेमच्या छातीवरचा दगड उतरला. "डल्सी," तो हळूच म्हणाला, "त्या रेघा..."

"मग काय करू?" ती वाकून पुटपुटली. "दोन दिवस तुझं ते मेलं पुस्तक हातातून सुटेना. केक करायला वेळ कुठे होता?"