उन्हाळी बावीस, हिवाळी एकोणीस

कलम १.

माणसाची ओळख त्याच्या चालीवरून होते, आणि ज्याने चालणं सोडलं आहे त्याची चाकांवरून. कोंग्सबर्गच्या तोर्गाइर स्कोर्वेला हे तत्त्व मनापासून मान्य होतं. त्याच्याकडे सात आसनांची, चारही चाकांना जोर पुरवणारी भलीमोठी गाडी होती, बायको इंगुन होती आणि तीन मुलं होती. (क्रम महत्त्वाचा नाही, असं तो स्वतः सांगे.)

गावात प्रत्येक गाडीला चाकांचे दोन जोड असतात. उन्हाळ्यात चपला, थंडीत बूट, तसंच. फक्त चपला आणि बूट एकाच मापाचे लागतात. चाकांची मापं मात्र वेगवेगळी घेता येतात, आणि जिथे निवडीला वाव असतो तिथे समजूतदार माणूस झोप घालवतो.

कलम २.

यंदा ईस्टरला एक गोष्ट ठरायची होती. इंगुनचे वडील हाल्वार, वय एक्याऐंशी, नूमेदालच्या वरच्या डोंगरातलं आपलं लाकडी खोपटं लेकीच्या हवाली करणार होते. नाहीतर विकणार होते. इंगुन त्या खोपट्यात चालायला शिकली होती. अट एकच: ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी दोनपर्यंत आपल्या बळावर वर यायचं.

गेल्या वर्षी तोर्गाइरची गाडी ट्रॅक्टरने ओढून न्यावी लागली होती.

"जावईबापू," हाल्वार फोनवर म्हणाले होते, "खोपटं सांभाळायचं म्हणजे आधी तिथवर पोचावं लागतं."

कलम ३. हिवाळी मापाचा निर्णय.

अभ्यास ऑक्टोबरात सुरू झाला आणि फेब्रुवारीत संपला. (तोवर मुलं शाळेत बसने गेली. गाडी जुन्या चाकांवर न्यायची, तर अभ्यासाला अर्थ काय?) निष्कर्ष असा: एकोणीस इंच. चाक लहान म्हणजे रबर जाड, रबर जाड म्हणजे खड्डे सोसतं. अरुंद चाक भुसभुशीत बर्फ कापत तळाशी जातं. चार तज्ज्ञांनी दुजोरा दिला. त्यांतल्या तिघांना तोर्गाइर ओळखत नव्हता आणि चौथा तो स्वतः होता.

कलम ४.

(हे कलम इंगुनच्या मताविषयी होतं. मत विचारायचं राहून गेल्याने कलम वगळलं आहे.)

कलम ५. उन्हाळी मापाचा निर्णय.

बावीस इंच. कारणं देण्याची गरज नाही, ती दिसतात.

हिवाळी जोड मात्र दिसायला कमी पडला. मार्चमध्ये शेजारचा एगिल कुंपणाशी थांबला, गाडीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"काय रे, हत्तीला सशाचे बूट घातलेस?"

"बर्फासाठी आहेत."

"कुठला बर्फ?" एगिलने कोरडा रस्ता दाखवला. "अख्ख्या आळीने बदलली चाकं. तू एकटाच राहिलास बघ."

तोर्गाइरने त्याच संध्याकाळी पाहणी केली. अकरा घरं, नऊंनी उन्हाळी चाकं चढवलेली, एकाकडे गाडी नाही, एक तो स्वतः. म्हणजे गाडी असलेल्यांत नव्वद टक्के. इतक्या टक्क्यांपुढे हवामान खात्यानेही नमतं घ्यायला हवं.

पाम रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, त्याने बावीस इंची चढवली. गाडी देखणी दिसत होती, यात वाद नाही.

"आणि गुरुवारी?" इंगुन म्हणाली. "वर मांडीएवढा बर्फ आहे."

कलम ५ (दुरुस्ती).

तोर्गाइर हा बेजबाबदार माणूस नव्हता. त्याने चारही हिवाळी चाकं गाडीत मागे भरली. आता एकाच गाडीत दोन्ही ऋतू होते. डोंगराच्या पायथ्याशी थांबायचं, अर्ध्या तासात चाकं बदलायची आणि वर जायचं. तोवर आळी, महामार्ग आणि पेट्रोल पंप यांच्या नजरेला बावीस इंच. चाकांमुळे मागची दोन आसनं दुमडावी लागली. सामान मुलांच्या मांडीवर आलं: संत्र्यांची पिशवी, तपकिरी चीजचा ठोकळा, मटणाची मांडी. थोरलीने मांडी घेतली, कारण ती थोरली होती.

कलम ६. अंमलबजावणी.

गुरुवारी पायथ्याशी तोर्गाइरने जॅक लावला. पहिल्या चाकाचे चार नट निघाले. पाचवा निघेना. महागडी चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक खास नट बसवला होता; तो फक्त एका खास सॉकेटनेच फिरतो. सॉकेट अतिशय सुरक्षित जागी होतं. कोंग्सबर्गच्या गॅरेजमध्ये.

(सुरक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था शंभर टक्के यशस्वी म्हणावी लागेल. चाकं कोणालाही काढता आली नाहीत.)

नट पुन्हा आवळून त्याने गाडी तशीच चढावर घातली. ऐंशी मीटर गेली. मग ती सावकाश, रुबाबात मागे आली आणि बर्फाच्या ढिगाला टेकली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

"ट्रॅक्टरवाल्याला बोलवू?" तोर्गाइर हळूच म्हणाला.

"ट्रॅक्टर आला की खोपटं गेलं," इंगुन म्हणाली. ती उतरून टपावरच्या स्की सोडवू लागली. "चला रे पोरांनो, बूट घाला. मांडी पिशवीत टाका."

"बाबा नाही येणार?" धाकटीने विचारलं.

तोर्गाइरने गाडीकडे पाहिलं. बावीस इंची चाकं, आत एकोणीस इंची चाकं, आणि रस्त्यावर कोणाचा भरवसा नाही.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "गाडीपाशी कोणीतरी हवं."

चार आकृत्या वळणावर लहान झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. त्याच्याकडे खायला संत्री होती.

परिशिष्ट.

पावणेदोनला इंगुनचा फोन आला. ती धापा टाकत हसत होती.

"दिली किल्ली. माझ्या हातात."

"तुझ्या बाबांनी विचारलं का, मी कुठे आहे?"

"विचारलं. पोरं म्हणाली, चाकांपाशी आहे. तर म्हणाले, असू दे, प्रत्येकाने आपल्या माणसांपाशी असावं."

तोर्गाइरला हे जरा लागलं. मग त्याने फडकं घेऊन पुढच्या चाकावरचा बर्फ पुसला.

इथवर आलेल्या वाचकाला उन्हाळी माप आणि हिवाळी माप झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. त्या तीन मुलांची नावं या कथेत कुठेही दिलेली नाहीत. आपण ती विचारलीही नाहीत.