इंजिन वाजतंय, उतरा!

आमच्या शेजारचे कांबळेमामा मोटारसायकलवर कुणाला मागे बसवत नसत. सख्ख्या बायकोलाही नाही. पोरीच्या लग्नाला मामी रिक्षातून निघाल्या आणि मामा रिकामी सीट घेऊन रिक्षाच्या बाजूबाजूनं. सिग्नलला त्यांनी मामींच्या मांडीवरचं आहेराचं गाठोडं "दे हिकडं" म्हणून मागितलं, हातात तोललं आणि "जड हाय" म्हणून परत दिलं. कुणी आगाऊपणे मागे बसलाच, तर आसरा पुलाच्या चढावर हुकूम सुटे, "इंजिन वाजतंय, उतरा!"

मामा चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते. तरुणपणी त्यांनी या गाडीत कुठलासा शर्यतीचा पिस्टन बसवला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एवढं वाढवलं, की गल्लीतली कुत्रीही तिच्या मागे धावायचा नाद सोडून देत. पण अशा इंजिनाचे लाड फार. त्याला महागातलंच पेट्रोल लागतं. ऊन, चढ किंवा जादा वजन लागलं, की पेट्रोल आत वेळेआधीच पेटतं आणि टिकटिक ऐकू येते; हेच ते इंजिन वाजणं. ती चालू दिली तर पिस्टनला भोक पडतं. आता सोलापुरात ऊन नाही लागणार तर काय लागणार!

"पेट्रोल घाई करतंय," मामा म्हणायचे. "वळखायला कान पायजे, कान! तुमा लोकांचं कान निस्तं चष्म्याच्या काड्या अडकवायला."

किक तर अशी उलटी मारायची, की मी एकदाच हौस केली आणि लंगडत घरी आलो. मामांना काळजी किकच्या दांड्याची.

निवृत्तीनंतर मात्र मामांना कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, ते हेल्मेटमध्ये नुसतं शिट्ट्या मारायचं. टिकटिक ऐकू येत नाही म्हणजे गाडी विकणं आलं. मामांचं जेवण तुटलं. माणूस दारात बसून गाडीकडे बघत राहायचा, आम्हालाच वाईट वाटायचं.

आणि एके दिवशी गल्लीनं डोळे चोळले. मागच्या सीटवर मामी! मामींचे कान तिखट. टिकटिक झाली की त्यांनी मामांच्या खांद्यावर टिचकी मारायची, की मामांनी गाडी हळू करायची, असं ठरलं होतं. तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी हिंडतात. टिचकी बसली की मामा गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "वाजतंय व्हय?"

"मामी, इंजिन फारच वाजतं वाटतं," मी एकदा चिडवलं.

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. "कसलं वाजतंय! मला भ्या वाटतं म्हणून मारते टिचकी. चांगली भाजी दिसली तरी मारते. त्यांना सांगू नगं हं."

परवा मामा गाडी पुसत होते. मी कानाशी ओरडून म्हटलं, "मामा, आता साधा पिस्टन बसवा की. मामींना इंजिन ऐकत बसायला नको."

मामांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग मला जवळ ओढलं.

"हळू बोल की! साधाच हाय. तिला बसवायच्या आदीच बदललाय. डबलसीटला त्यो कसा चालंल?"

ज्या पिस्टनसाठी जन्मभर नातीगोती दुखावली, तो यांनी मुकाट काढून ठेवला होता!

"पेट्रोल मातुर महागाचंच भरतो, तिला संशय नगं," मामा म्हणाले. "वाजत न्हाय म्हणून कळलं, तर म्हणंल, जावा की एकटं. आन् मला आता एकट्याला करमत न्हाय रं."