पाचव्या नंबरचे चार मानकरी

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास गोरक्षच्या दुकानातला कॉम्प्युटर आधी निळा पडला, मग काळा पडला आणि मग काही केल्या उजेडात येईना. गोरक्षने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आतून फक्त पंख्याची घरघर येत होती.

पुणतांब्याच्या स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान. एरवी मशीन एक दिवस बंद राहिलं असतं तर त्याने शटर ओढून मस्त झोप काढली असती. पण आज संध्याकाळी पाचच्या आत रंभाजी तात्यांच्या नातीची, निकिताची पत्रिका श्रीरामपूरच्या प्रेसला जायची होती. पत्रिकेखाली भावकीतली एकशे बारा नावं होती. कोणाचं नाव कितवं, हे ठरवायला मारुतीच्या देवळात तीन बैठका झाल्या होत्या. काल संध्याकाळी तात्यांनी अंतिम यादी आणून दिली. गोरक्ष बाहेरगावी गेलेला, म्हणून त्याच्या बायकोने, दीपाने, ती टाइप केली. तात्यांनी ती डोळ्यांखालून घातली, मूळ कागद खिशात ठेवला आणि घरी जाता जाता थेट गोदावरीत सोडून दिला. कागद राहिला की खाडाखोड सुरू होते, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे यादी आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण काळं पडलं होतं.

गोरक्षला घाम फुटायला आणखी एक कारण होतं. आठ वर्षांपूर्वी तात्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, ओळ बसेना म्हणून त्यानेच तात्यांच्या धाकट्या भावाचं, बन्सी अण्णांचं नाव सहज एक ओळ खाली ढकललं होतं. अण्णा भर मांडवातून उठून गेले. एका ओळीपायी सख्खे भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आता कुठे निकिताच्या लग्नासाठी दोघं एका सतरंजीवर बसले होते. या खेपेला नाव हललं तर ते पुन्हा बसायचे नाहीत, आणि पाप पुन्हा गोरक्षच्याच माथी येणार होतं.

त्याने माहीत असलेले सगळे उपाय केले. झाकण उघडून धूळ फुंकली, रॅम काढून खोडरबराने घासली, उदबत्तीही ओवाळली. दीपा हे सगळं हाताची घडी घालून पाहत होती.

"अहो, दुसरी प्रत ठेवा म्हणून वर्षभर सांगतेय मी."

"ते राहू दे. तूच टाइप केलंस ना? मग आठव की क्रम."

"एकशे बारा नावं कोण पाठ करतं? पहिली दोन आठवतात, पण ती कोणाला सांगायची नाहीत असं मला बजावलंय." एवढं बोलून ती पर्स उचकू लागली.

पर्समधून एक पेनड्राइव्ह निघाला. दीपाचा भाऊ योगेश नागापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होता. त्याने भाऊबिजेला तो दिला होता आणि त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम आहे, रोजचीने मान टाकली तर ही लावा, असं सांगितलं होतं. फुकट मिळणाऱ्या सिस्टीमला गोरक्ष तेव्हा पोट धरून हसला होता. आज हसायची सोय नव्हती. दीपाने योगेशला फोन लावला. त्याने दोनदा बजावलं, की 'ट्राय' दाबा, चुकूनही 'इन्स्टॉल' दाबू नका, नाहीतर डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

इथेच धोका होता. समोर आलेला प्रश्न न वाचता 'ओके' दाबायचं, ही गोरक्षची वीस वर्षांची सवय. दीपाने पेनड्राइव्ह लावला आणि माउस सरळ आपल्याकडे ओढून घेतला.

तेवढ्यात सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या एकाने काळा पडदा पाहिला आणि 'यादी गेली' ही बातमी गावभर केली. पंधरा मिनिटांत भावकी यायला लागली. कोणी दमदाटी केली नाही. प्रत्येकजण स्टुलावर टेकायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि उठता उठता आपलं नाव पाचवं होतं, असं हळूच सांगायचा. पहिली चार नावं वडीलधाऱ्यांची, त्यांना हात लावायची सोय नव्हती. म्हणून सगळ्यांची नजर पाचव्यावर. गोरक्ष घाबरून प्रत्येकाला व्हय म्हणत गेला. तिघांना म्हणून झालं, तेव्हा बन्सी अण्णा आले. ते टेकले नाहीत. दारातच उभे राहिले.

"गोरक्ष, माझं नाव पाचवं हुतं. मागल्या टायमाचं तुझ्या ध्यानात असंलच."

"व्हय अण्णा. पाचवंच," गोरक्ष म्हणाला.

दीपाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि परत पडद्याकडे. तिथे आता अनोळखी रंग उजळले होते. खिडक्यांची बटणं नेहमीच्या जागी नव्हती, पण डिस्क दिसत होती. तिने आधी पत्रिकेचा जुना नमुना उघडून पाहिला. नव्या सिस्टीमला तो फॉन्टच ठाऊक नसल्याने पडद्यावर चौकोन, कंस आणि टिंबांचा बाजार भरला. गोरक्ष मटकन खाली बसला. दीपाने त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं, आणि अण्णांनाही बरोबर न्या म्हणाली.

दहा मिनिटांनी तो परतला, तेव्हा यादी पडद्यावर होती. दीपाने ती मोबाइलवर चालतात त्या युनिकोड अक्षरांत टाइप केलेली, म्हणून स्वच्छ मराठीत, पुरती एकशे बारा. पण सगळ्यात वर नाव होतं अंकुशचं. अंकुश म्हणजे नागापूरला वेल्डिंग करणारा लांबचा चुलतभाऊ. भावकीच्या खिजगणतीतही नसलेला. बैठकीत त्याचं नाव शेवटून पहिलं होतं, एवढं गोरक्षलाही माहीत होतं.

"हे काय गं? अ, आ, इ करत गेलंय हे."

"या सिस्टीममध्ये असंच आलंय," दीपा शांतपणे म्हणाली. "आता पाच वाजेपर्यंत तुम्हीच ठरवा काय ते."

प्रिंटरने मात्र नव्या सिस्टीमशी मुकाट जुळवून घेतलं. कागद बाहेर आला तोच रंभाजी तात्या दुकानात शिरले. पाठोपाठ अण्णा होतेच. दोघांनी एक कागद दोन बाजूंनी धरला आणि गोरक्षने डोळे मिटून घेतले. पुन्हा आठ वर्षं, त्याला वाटलं. यावेळी कदाचित जन्मभर.

अण्णा बोट ठेवून मोजत होते. एकसष्टाव्या नंबरावर बोट थांबलं. त्यांचा चेहरा उतरला. तरी ते मोजत खाली गेले आणि त्र्याऐंशीव्या नंबरावर थबकले.

"तात्या, तुमी माझ्याही खाली?"

"मशीननं लावलंय. त्यात मानसाचा हात न्हाई," तात्या म्हणाले. "मला चालतंय. तुला चालतंय का?"

अण्णांनी पुन्हा एकसष्ट पाहिला, पुन्हा त्र्याऐंशी पाहिला. मग घसा साफ करून म्हणाले, "थोरल्याला चालतंय तर माझं काय म्हननं असनार?" बाहेर पडताना त्यांनी तात्यांना हाताला धरून पायरी उतरवली. दारात ताटकळलेल्या पाचव्या नंबरच्या उरलेल्या मानकऱ्यांनी हे पाहिलं आणि मुकाट्याने चपला घातल्या.

फाइल पावणेपाचला प्रेसला गेली. गोरक्ष लिनक्सचं तोंड भरून कौतुक करत होता, तेवढ्यात विसरलेला चष्मा न्यायला तात्या एकटेच परत आले. चष्मा उचलून ते दीपाकडे वळले.

"पोरी, काल यादी देताना मी तुला गुपचूप सांगून गेल्तो ना, बन्सीचं नाव माझ्या वर घे म्हनून?"

"हो तात्या."

"मग झालं की तसंच. मधी फकस्त एकवीस मानसं शिरली." डोळे पुसून त्यांनी चष्मा चढवला आणि ते निघून गेले.

गोरक्ष बायकोच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दीपाने पेनड्राइव्हवरची दुसरी फाइल उघडली. पहिलं नाव बन्सी, दुसरं रंभाजी, शेवटचं अंकुश. यादी सकाळीच जशीच्या तशी सापडली होती.

"अगं, मग हीच का नाही लावलीस?"

"तात्यांचं काम एका ओळीचं होतं. पण तुम्ही पाचवा नंबर चौघांना देऊन बसलात. मग नावं अ, आ, इ करत लावण्यावाचून मी दुसरं काय करणार?"

गोरक्षने माउस हातात घेतला आणि ती फाइल कचऱ्याच्या डब्यात टाकली. पडद्यावर प्रश्न आला. त्याचं बोट सवयीने 'ओके'कडे निघालं आणि मध्येच थांबलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने प्रश्न अक्षर न अक्षर वाचला, मग दीपाकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्याने बटण दाबलं.