सत्तावीस नंबरचा कुलवृत्तांत

आमचे शेजारी रूबेनकाका झिराडकर यांना मोटार चालवता येत नाही. त्यांच्याकडे मोटार नाही, लायसन्स नाही, आणि लंडनजवळच्या आमच्या क्रॉयडनच्या ट्रॅममध्येसुद्धा ते ड्रायव्हरकडे पाठ करून बसतात. तरीही गेली एकोणीस वर्षं ते एका जुन्या इटालियन रेसिंग कारचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. मी चुकून 'इतिहास' म्हटलं तर त्यांना राग येतो. इतिहासात म्हणे थापा चालतात.

कुलवृत्तांत म्हणजे अगदी आपल्याकडे छापतात तसाच. मूळ पुरुषाच्या जागी चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर. त्याचे शेवटचे दोन आकडे सत्तावीस, म्हणून गाडीचं घरातलं नाव 'सत्तावीस'. पुढे एकेक मालक म्हणजे एकेक पिढी. कोणत्या पिढीत इंजिन बदललं, कोणत्या पिढीत उजवा दरवाजा दत्तक आला, सगळं पुराव्यानिशी. दोन स्वतंत्र कागद मिळाल्याशिवाय काका एक ओळ लिहीत नाहीत. त्यामुळे एकोणीस वर्षांत पुस्तक चौथ्या पिढीपर्यंत आलंय, आणि काका ऐंशीपर्यंत.

काका बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. जन्म भायखळ्याचा, मूळ गाव अलिबागकडचं. त्यांच्या समाजाचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं सगळे सांगतात. काका सांगत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जहाजाची नोंद कुठाय? फुटताना कुणी पाहिलं?" जो माणूस स्वतःच्या पूर्वजांना कागदाशिवाय किनाऱ्याला लागू देत नाही, तो मोटारीला काय सोडणार.

शनिवारी ते शब्बाथ, म्हणजे धर्मातला विश्रांतीचा दिवस, पाळतात. त्या दिवशी गाडीबद्दल अवाक्षर नाही. आमच्या गल्लीत शनिवार सर्व धर्मीयांना पवित्र वाटतो.

सत्तावीसची कारकीर्द ऐकली की या गाडीवर कुणी एकोणीस मिनिटं का घालवावीत, असा प्रश्न पडतो. पन्नासच्या दशकात लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी ती बांधली. बारा तास, चोवीस तास, डोंगरातल्या रस्त्यांवरून हजार मैल. एकही शर्यत तिने जिंकली नाही. एकीत तिचा गिअर तिसऱ्यावर अडकला आणि उरलेली शर्यत तिने तिसऱ्याच गिअरमध्ये काढली. दुसरीत तिचे दिवे गेले, म्हणून ड्रायव्हरने पुढच्या गाडीचे लाल दिवे धरले. पुढची गाडी वळण चुकून द्राक्षांच्या मळ्यात गेली. आपलीही तिच्या मागोमाग, अंतर राखून, मळ्यात गेली.

'आपली' हा शब्द काकांचा. "तिथे आपली बंद पडली," असं ते म्हणतात, तेव्हा नव्या माणसाला वाटतं, घरातल्या कुणाच्या तरी तब्येतीचं चाललंय.

फ्लोराकाकू होत्या तोवर हे सगळं त्या ऐकायच्या. मटार सोलता सोलता म्हणायच्या, "बंद पडली ना? पडू दे. हात धुऊन जेवायला या." त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. आता काका संध्याकाळी लिहिलेलं मोठ्यानं वाचतात. भिंत पातळ असल्यामुळे मला ऐकू येतं. समोर कोणी नसतं, तरी मध्ये मध्ये ते थांबतात.

सत्तावीस सध्या सरे परगण्यातल्या एका सरसाहेबांच्या मालकीची आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हिरवळीवर मेजवानी ठेवली, आणि काकांमुळे मलाही बोलावणं आलं. गाडी शामियान्यात मखमलीवर उभी, भोवती मखमलीचाच दोर. पुरुष पनामा टोप्यांत. बायका असल्या हॅट घालून, की दोघींना एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागे. सरसाहेबांनी भाषण केलं. धैर्य, तेल, घाम असे शब्द आले. वक्त्याचा यांतल्या कशाशीही संबंध आलेला दिसत नव्हता. शेवटी त्यांनी आवाज जड करून सांगितलं की चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी आपल्या वर्गात तिसरी आली होती.

टाळ्या पडल्या. मग काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ते अगदी नम्रपणे म्हणाले की त्या वर्गात गाड्या दोनच होत्या.

सगळ्या पनामा टोप्या आणि हॅट काकांकडे वळल्या. काकांना वाटलं, लोकांना पुढचं ऐकायचंय. त्यांनी खुलासा केला की आपली दुसरी आली. म्हणजे त्यांनी गाडीला एका नंबरची बढती दिली होती, फक्त तो नंबर शेवटचा होता. सरसाहेब हसले. यंदा बोलावणं आलं नाही. बोलावणं न आल्याची काकांनी वेगळी फाइल केली आहे.

असा हा माणूस गेली तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वेल्समधल्या कार्डिफला जातो. इथली रविवारची ट्रेन म्हणजे रुळांच्या कामामुळे अर्धा रस्ता बसने. पहाटे निघावं तेव्हा जेवणवेळेला पोचता येतं. कार्डिफला मिसेस प्रॉसर राहतात, वय एक्क्याण्णव. सत्तावीस दुसऱ्या पिढीत एका इंग्रज मालकाकडे होती, तेव्हा ती कार्डिफच्या एका गॅरेजात असे. मिसेस प्रॉसरचे यजमान ग्लिन तिथले मेकॅनिक. बाईंचं म्हणणं असं, की एका बारा तासांच्या शर्यतीत ड्रायव्हरला शिंपल्या बाधल्या, आणि ग्लिनने त्याचं हेल्मेट घालून चाळीस मिनिटं गाडी चालवली. कुणाला पत्ता लागला नाही. आता त्यांची एवढीच इच्छा आहे, की ग्लिनचं नाव त्या पुस्तकात चालक म्हणून छापून यावं.

काका म्हणाले, पुरावा मिळाला तर येईल. तेव्हापासून ते पुरावा शोधायला जातात.

गेल्या महिन्यात काकांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबत गेलो. वाटेत स्विंडन स्टेशनच्या पुढे त्यांना डुलकी लागली आणि मांडीवरची फाइल घसरली. कागद गोळा करताना एक माझ्या डोळ्यांत भरला. गॅरेजच्या कामाच्या वहीतल्या पानाची प्रत. तारीख त्या शर्यतीच्याच शनिवारची. ग्लिन प्रॉसरने दिवसभर कार्डिफमध्ये एका खाटकाच्या व्हॅनचे ब्रेक बसवले होते, खाली त्याचीच सही. समासात काकांनी पेन्सिलीने कागद मिळाल्याची तारीख टाकली होती. दोन वर्षांपूर्वीची. मागे टाचलेला दुसरा कागद खाटकाच्या पावतीचा. म्हणजे दोन्ही पुरावे पूर्ण झाले होते.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन वर्षं कागद दाबून ठेवणारा माणूस सरसाहेबांची चूक भरसभेत हात वर करून दाखवतो, हे मी काकांना कधी तरी सोयीने ऐकवणार होतो. मी कागद परत लावून ठेवले आणि वाट बघत बसलो.

मिसेस प्रॉसरनी दार उघडलं ते टेबल मांडूनच. तव्यावरचे वेल्श केक होते. गावात ते डुकराच्या चरबीत करतात. काकांना ती वर्ज्य, म्हणून त्यांच्यासाठी निव्वळ लोण्यात केले होते, आणि तवाही वेगळा ठेवला होता. 'झिराडकर' त्यांच्या जिभेला झेपत नाही, म्हणून त्या इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षर धरून 'मिस्टर जे' म्हणतात.

"काय मिस्टर जे, बसला का माझ्यावर विश्वास?"

"नाही बसला, मिसेस प्रॉसर."

"मग बसा, चहा घ्या."

हे ठरलेलं असावं, कारण दोघंही एकमेकांकडे न बघता म्हणाले. मग दोन तास उलटतपासणी चालली. त्या दिवशी पाऊस होता का? हेल्मेटचा रंग? शिंपल्या कुणी आणल्या? मागच्या खेपेला बाईंनी हेल्मेट निळं सांगितलं होतं, या खेपेला ते हिरवं झालं. काकांनी मान हलवत ते टिपून घेतलं. मी फाइलकडे बघत होतो. ते पान बाहेर आलं नाही. उलट काका म्हणाले की गाडीच्या क्लबाच्या जुन्या फाइली अजून चाळायच्या राहिल्यात, इतक्यात निकाल देता येणार नाही.

"माझी काही घाई नाही," एक्क्याण्णव वर्षांच्या बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला वरच्या खोलीतून ग्लिनच्या कागदांचं खोकं आणायला सांगितलं. काका दर खेपेला एक खोकं तपासायला नेतात आणि पुढच्या खेपेला परत आणतात. वर गेलो. कपाट उघडलं तर बुटांची खोकी ओळीने लावलेली. प्रत्येकावर चिठ्ठी, बाईंच्या कापऱ्या अक्षरात महिन्याचं नाव. हा महिना सगळ्यात पुढे. मी झाकण उचललं. विणकामाचे नमुने, किटलीचं गॅरंटी कार्ड, चर्चच्या जत्रेचं पत्रक, आणि सगळ्यात खाली ग्लिनचा एक फोटो. पुढच्या महिन्याचं उघडलं. त्यातही तसलंच रद्दीचं भरताड, आणि तळाशी एकच फोटो. भरलेली खोकी पुढल्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत गेली होती. त्याच्याही मागे रिकामी खोकी होती, चिठ्ठी लिहून तयार.

खालून काकांची मराठीत हाक आली. "किती राहिलीत रे खोकी?"

मी चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या.

"बरीच आहेत, काका."

"असू देत. एकच आण," काका म्हणाले. "नीट बघायला वेळ लागतो."